मुंबई बेटाचा हरवलेला किनारा

मुंबईंत कायमचें बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाच्या वांट्यास जीं अनेक कर्तव्यें येतात, त्यांपैकीं एक म्हणजे बाहेरगांवाहून आलेल्या आप्तेष्टांस शहर दाखविणें हें होय. हें कर्तव्य आम्ही गेलीं पंचवीस-तीस वर्षें करीत आहों, आणि तें करतां करतां स्थळांचा एक ठरीव क्रम आमच्या अंगवळणीं पडला आहे. पहिल्या दिवशीं गेट वे ऑफ इंडिया व तेथून लाँचनें घारापुरी. दुसऱ्या दिवशीं राजाबाई टॉवर, बोरीबंदरचें स्टेशन आणि म्यूझियम. तिसऱ्या दिवशीं राणीचा बाग, महालक्ष्मी आणि संध्याकाळीं चौपाटी. एवढें झालें कीं पाहुणे संतुष्ट होतात, आणि आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकतों.

गेल्या हिवाळ्यांत मात्र या क्रमास खीळ बसली. वऱ्हाडांतील आमचे एक स्नेही सहकुटुंब आले होते. त्यांची धाकटी कन्या दहा-अकरा वर्षांची. तिसऱ्या दिवशीं चौपाटीच्या वाळूंत बसलों असतां तिनें विचारलें, “काका, मुंबई सात बेटांची मिळून झाली असें आमच्या पुस्तकांत आहे. आपण तीन दिवस हिंडलों, पण त्यांतलें एकही बेट तुम्ही दाखविलें नाहीं. तीं कुठें आहेत?”

आम्ही कॉलेजांत इतिहास शिकवितों. उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें आणि ध्यानांत आलें कीं, सातही बेटांचीं नांवें आपण घडाघडा म्हणूं शकूं. परंतु एक बेट कोठें संपत होतें व दुसरें कोठें सुरू होत होतें, हें जागेवर उभें राहून दाखवावयाचें म्हटलें तर आपली मोठी फजिती होईल. पाहुण्यांचा मुक्काम आणखी दोन दिवस होता. ते दोन्ही दिवस या एका प्रश्नापायीं आम्हीं खर्च केले. त्या भटकंतींत जें दिसलें व त्यावरून जें मनांत आलें, तेंच येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. दक्षिणेकडून निघालें तर कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं हीं सात बेटें होतीं. त्यांच्यामधील खाड्या फार खोल नव्हत्या. भरतीला पाणी चढे, ओहोटीला चिखल उघडा पडे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहाकडून हीं बेटें पोर्तुगीजांकडे गेलीं. १६६१ सालच्या तहानें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली. परंतु प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडलें. मध्यंतरींच्या वादाचें एक कारण आमच्या विषयाशीं निकट संबंध असलेलें आहे. आंदण दिलेलें बेट नेमकें केवढें, हेंच कोणास ठाऊक नव्हतें. माहीम हें निराळें बेट, तें तहांत येत नाहीं, असें पोर्तुगीजांचें म्हणणें. तर ओहोटीच्या वेळीं एकीकडून दुसरीकडे पायीं जातां येतें, तेव्हां तें मुंबईचेंच अंग होय, असा इंग्रजांचा दावा. पुढें १६६८ सालीं राजानें सालीना दहा पौंड खंडावर तें सारें प्रकरण ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यांत घातलें. तात्पर्य, बेट कोठें संपतें हा आमच्या छोट्या पाहुणीचा प्रश्न साडेतीनशें वर्षांपूर्वीं दोन राजसत्तांनाही पडला होता.

आमची फेरी आम्हीं पालवा बंदरापासून सुरू केली. प्रत्येक प्रवासी प्रथम येथेंच येतो आणि गेट वे ऑफ इंडियाच्या कमानीकडे मुंबईचें पुरातन महाद्वार म्हणून पाहतो. वास्तविक बादशहा पंचम जॉर्ज १९११ सालीं येथें उतरला तेव्हां ही कमान नव्हतीच. ती पुरी झाली १९२४ सालीं, आणि इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी तिच्याखालून बाहेर पडली २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं. म्हणजे उणींपुरीं चोवीस वर्षें हें साम्राज्याचें द्वार म्हणून उभें होतें. ज्या जमिनीवर तें उभें आहे, तीही समुद्रांत भर घालूनच केलेली. द्वारही नवें आणि उंबरठाही नवा.

तेथून पुढें ‘कोट’ लागतो. आज कोटाला कोट नाहीं. अपोलो, चर्चगेट आणि बझारगेट असे तीन दरवाजे असलेला तट या भागाभोंवतीं होता. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई सर केली तेव्हां मुंबईकर इंग्रज इतके हादरले कीं, तटाबाहेर खंदक खणण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें व त्यासाठीं शहरांतील व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली. पुढें भीतीही गेली आणि तटही नकोसा झाला. १८६२ पासून गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत तो पाडण्यांत आला. चर्चगेट जेथें होतें तेथें १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन बसलें. दरवाजा गेला, परंतु त्याचें नांव तेवढें रेल्वेच्या स्टेशनानें सांभाळून ठेविलें. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या शेजारीं फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा अद्याप उभा आहे. तो पाहावयास जाणारा प्रवासी आम्हांस आजवर भेटलेला नाहीं.

ओव्हल मैदानावर आलों तेव्हां आमच्या पाहुणीस पहिलें उत्तर मिळालें. मैदानाच्या पूर्वेस हायकोर्ट, युनिव्हर्सिटी व २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून १८६५ पर्यंत येथील कापसास सोन्याचें मोल आलें. त्या काळांत नांवाजलेले प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें दिलेल्या देणगींतून हा टॉवर झाला व १८७८ सालीं पुरा झाला. मैदानाच्या पश्चिमेस गोलसर कोपऱ्यांचीं व पुढें आलेल्या सज्जांचीं जीं घरें आहेत, तीं १९३० नंतरचीं. २०१८ सालीं युनेस्कोनें या दोन्ही रांगांस मिळून जागतिक वारशाचा मान दिला. परंतु या दोन रांगांमध्यें केवळ साठ वर्षांचें अंतर नाहीं. टॉवर बांधून पुरा झाला तेव्हां त्याच्या माथ्यावरून समोर समुद्र दिसे. पश्चिमेचीं घरें आणि त्यांच्यापलीकडील मरीन ड्राइव्ह हीं सारीं त्या समुद्राच्या जागेवर उभीं आहेत. “म्हणजे काल संध्याकाळीं आपण पाण्यावरून फिरलों,” असें ती मुलगी म्हणाली, आणि तें अक्षरशः खरें होतें.

बोरीबंदरचें स्टेशन, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, हें स्टीव्हन्स नामक वास्तुशिल्पज्ञानें १८७८ पासून दहा वर्षांत उभें केलें. त्याचे घुमट, त्यावरील दगडी पशुपक्षी व वेलपत्ती यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्ही तें पुन्हां करीत नाहीं. आमचें लक्ष गेलें तें त्याच्या जुन्या नांवाकडे. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास जाणारी पहिली आगगाडी सुटली ती ‘बंदरा’वरून सुटली. पुढचें स्टेशन ‘मस्जिद बंदर’. जेथें होड्या लागत, तेथें आगगाड्या लागूं लागल्या. आणखी उत्तरेस गेलें कीं पायधुणी व उमरखाडी. खाडीचें उथळ पाणी तुडवून आलेला वाटसरू येथें पाय धूत असे, म्हणून ती पायधुणी, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. आज तेथें पाय धुवावयास पाणी नाहीं, आणि उभें राहावयास जागाही नाहीं. परंतु मुंबई व माझगांव यांमधील खाडी कोठून वाहत होती, हें तीं दोन नांवें अजून सांगत आहेत.

जमिनीवरून पाणी पुसतां आलें, तरी बोलींतून तें पुसतां आलें नाहीं. धोबीतलावांत तलाव नाहीं. गोवालिया टँकांत टँक नाहीं. त्याच्या जागीं जें मैदान झालें तेथें ८ ऑगस्ट १९४२ रोजीं ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां कोटाचा तट नुकता पडूं लागला होता. आपल्या डोळ्यांदेखत बदलणारें शहर लिहून ठेवावें, हें या गृहस्थांस सुचलें, याबद्दल मराठी वाचकानें त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पूर्वकिनाऱ्यानें निघालों. माझगांवच्या टेकडीवर आज बाप्टिस्टा यांच्या नांवाचा बाग आहे. येथें कंपनीचा एक लहान किल्ला होता. १६८९ सालीं जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला व त्यानें हां हां म्हणतां माझगांव-माहीमपर्यंतचा मुलूख व्यापला. इंग्रज कोटांत कोंडले गेले. अखेर औरंगजेबाच्या दरबारीं दीड लाख रुपये दंड भरून त्यांनीं सुटका करून घेतली; १६९० सालीं जातांना सिद्दीनें हा किल्ला उद्ध्वस्त केला. शिवडीचा किल्ला मात्र आहे. त्याच्या तटावरून खालीं पाहिलें तर ओहोटीला विस्तीर्ण चिखल दिसतो आणि हिवाळ्यांत त्या चिखलांत हजारों रोहित पक्षी चरत असतात. याच किनाऱ्यावरून २०२४ च्या जानेवारींत सुरू झालेला अटल सेतु सुमारें बावीस किलोमीटर लांब जाऊन पलीकडच्या मुलखास मिळतो. मुंबई बेटाचा मूळचा कांठ कसा होता, याची अंधुक कल्पना येण्यास शिवडीइतकी योग्य जागा दुसरी नाहीं.

परळास आम्ही बारादेवीच्या देवळांत गेलों. १९३१ सालीं रस्ता करतांना येथें जमिनींतून एक शिल्प निघालें. अकरा-बारा फूट उंचीच्या एकाच शिळेंत मध्यें शिव, त्याच्यांतून वर व बाजूंस उमलल्याप्रमाणें निघणाऱ्या शिवाच्याच आणखी मूर्ति, आणि पायाशीं गण. घारापुरीच्या लेण्यांच्याच युगांतील हें काम आहे असें जाणते मानतात. घारापुरीस लाँच भरभरून लोक जातात. येथें मात्र पूजा करून परतणाऱ्या दोघी वृद्ध बायांखेरीज कोणी नव्हतें. मुंबई म्हणजे इंग्रजांनीं ओसाड खडकावर वसविलेलें शहर, असा जो समज आमच्या सुशिक्षितांत रुजला आहे, त्यास इतकें रोखठोक उत्तर दुसरें कोणतेंही नसेल. परंतु तें उत्तर ऐकावयास परळच्या गल्लींत जावें लागतें.

उत्तरेचा कांठ शीव व माहीम येथें येतो. शीव म्हणजे सीमा. नांवांतच सारें आलें. दोन्हीं ठिकाणीं किल्ले आहेत. पलीकडील साष्टी बेट १७३९ पासून १७७४ पर्यंत मराठ्यांच्या ताब्यांत होतें. म्हणजे पस्तीस वर्षें या तटांवरील पाहारेकरी खाडीपलीकडे जो मुलूख पाहत होते तो पेशव्यांचा होता. पुढें १८०३ च्या सुमारास शिवेचा बांधरस्ता झाला. माहीम व वांद्रें यांमध्यें होड्या उलटून माणसें बुडत. तेथील रस्त्यासाठीं जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले, व तो १८४५ सालीं खुला झाला. बेटाचें बेटपण संपविणाऱ्यांमध्यें एका दानशूर स्त्रीचेंही नांव आहे, हें विसरतां कामा नये.

परंतु बेटांचें खरें एकीकरण झालें तें पश्चिमेस. वरळी व मुंबई यांच्यामधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत घुसे आणि मधला सारा सखल प्रदेश बुडवून टाकी. १७८४ च्या सुमारास, गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दीच्या अखेरीस, तेथें बांध पुरा झाला. लोकांत अशी आख्यायिका आहे कीं, बांध वारंवार ढासळूं लागला तेव्हां रामजी शिवजी प्रभु नांवाच्या गृहस्थास देवीचा दृष्टांत झाला. खाडींतून मूर्ति निघाल्या, त्यांची स्थापना झाली, आणि मगच बांध टिकला. तेंच महालक्ष्मीचें देऊळ. ही कथा इतिहास म्हणून आम्ही सांगत नाहीं. परंतु समुद्राची जागा घेतांना त्या काळच्या माणसास कोणाची तरी अनुज्ञा घ्यावीशी वाटली, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. बांधाच्या आंतील खाजण हळूहळू सुकलें आणि त्यावर रेसकोर्स, गिरण्या, चाळी हें सर्व उभें राहिलें.

येथें कोणी म्हणेल, भराव घातला नसता तर मुंबई झालीच नसती. मग हा शोक कशाला? आम्ही शोक करीत नाहीं. त्या दलदलीनें तापाचे किती बळी घेतले, हें जुन्या स्मशानांस ठाऊक आहे. भराव ज्यांनीं घातले त्यांनीं लक्षावधि लोकांस राहावयास जागा दिली. आमची तक्रार भरावाबद्दल नसून विस्मृतीबद्दल आहे. बांधल्या गेलेल्या राजवाड्यासारख्या इमारती आपण दाखवितों, परंतु ज्या जमिनीवर त्या आहेत ती कोठून आली हें सांगत नाहीं. आणि आपण विसरलों म्हणून पाणी विसरत नाहीं. दर पावसाळ्यांत मोठी भरती व मुसळधार पाऊस एकदम आले कीं गटारांचें पाणी समुद्रांत जात नाहीं, आणि हिंदमातासारख्या सखल जागीं कमरेएवढें साचतें. त्या वेळीं आपण पालिकेस दोष देतों. तो कांहीं अंशीं रास्तही असेल. परंतु ही जमीन मुळांत समुद्राच्या पातळीची आहे, हें ठाऊक असलेला नागरिक अधिक शहाणपणाचे प्रश्न विचारील.

हें काम संपलेलेंही नाहीं. २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुल्या झालेल्या किनारी रस्त्यासाठीं पश्चिमेस पुन्हां भराव पडला आहे. त्या वेळीं वरळीच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून पुलाच्या खांबांमधील अंतर वाढवून मागितलें, आणि बऱ्याच झगड्यानंतर तें वाढविण्यांत आलें. वरळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं त्यांचा वाडा आहे. ज्या मुंबादेवीवरून शहरास नांव मिळालें, ती मुळांत याच लोकांची. पोर्तुगीज, इंग्रज, मराठे, सिद्दी आले आणि गेले. बेटाचा कांठ कोठें आहे हें ज्यांस पोटासाठीं रोज ठाऊक असावें लागतें, असे हेच एक उरले आहेत. किनाऱ्यासंबंधीं कांहीं ठरवितांना प्रथम त्यांस विचारावें, इतका तरी धडा इतिहासानें द्यावा.

आमची एक लहानशी सूचना आहे. पायधुणीस, उमरखाडीस, ओव्हलच्या पश्चिम कडेस, वरळीच्या बांधावर एकेक साधा दगड बसवावा व त्यावर ‘येथपर्यंत समुद्र होता’ एवढेंच कोरावें. सेंट थॉमसच्या देवळापासून मोजलेले कंपनीच्या काळचे मैलांचे दगड अलीकडे रस्त्याकडेला पुन्हां वर काढण्यांत आले आहेत. मग किनाऱ्याच्या दगडांस अडचण कसली? खर्च थोडा आहे, आणि शाळेंतील मुलांस सात बेटांचीं नांवें पाठ करावयास लावण्यापेक्षां त्याचा उपयोग खचित अधिक होईल.

शेवटीं आम्ही हाजी अलीस गेलों. तेथील दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखालीं जाते. आम्ही पोहोंचलों तेव्हां पाणी चढत होतें आणि माणसें लगबगीनें परत येत होतीं. आम्ही कांठावर उभे राहून पाहत राहिलों. अर्ध्या-पाऊण तासांत वाट दिसेनाशी झाली आणि दर्गा चहूंकडून पाण्यानें वेढला गेला. सात बेटांपैकीं हें नव्हे, हें आम्हीं त्या मुलीस सांगितलें. तिनें तें ऐकलें कीं नाहीं कोण जाणे. ती टक लावून पाहत होती. वरळी, माहीम, परळ, माझगांव हीं सारीं एके काळीं दिवसांतून दोनदा अशींच एकमेकांपासून तुटत व पुन्हां जोडलीं जात, हें तिला सांगण्याची मग गरज उरली नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरच्या ठरीव क्रमांत आम्हीं बदल केला आहे. यापुढें येणाऱ्या पाहुण्यांनीं निघण्यापूर्वीं आगगाडीच्या वेळापत्रकाबरोबर भरती-ओहोटीचें वेळापत्रकही पाहून यावें, अशी त्यांस आमची विनंति आहे.